हिरवं दार

रत्नाबाई सकाळपासून दार खरवडत होती.

हातात खुरपं, नाकावर बांधलेला पदर आणि उंबऱ्याशी हिरव्या रंगाच्या पापुद्र्यांचा ढीग. हा रंग तिच्या नवऱ्यानं, नथूनं, पुलाच्या कामावरून उरलेला आणून लावला होता. नथूच्या हातच्या दोनच वस्तू घरात राहिल्या होत्या. एक हे दार आणि दुसरं माळ्यावरचं मासे धरायचं जाळं. रंग निघत होता तसं तिला रडू येत होतं, पण खुरपं थांबत नव्हतं.

"आक्का, अवो पुण्याहून सायब यायचेत तपासाय. त्यांच्या आदीच का खरवडताय?" भाडेकरू चंद्रकला शेजारच्या खोलीतून म्हणाली.

"माझ्या दारानं पोर खाल्ली, असं ऐकायचं न्हाई मला."

पोर म्हणजे चंद्रकलेची पाच वर्षांची शकू. तिचा बाप वाल्मीक पौडच्या कचेरीत शिपाई, आई दिवसभर खुरपणीला. शकू रांगत होती तेव्हापासून रत्नाबाईपाशीच वाढली, तिच्याच हातचं जेवली. रत्नाबाईला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. भाडेकरूची पोर आणि आपली नात यांत काही फरक असतो, हे ती कधीचीच विसरून गेली होती.

गेल्या वर्षभरात शकूला काय झालं ते कुणाला कळेना. पोट धरून रडायची. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ आली. दिवाळीनंतर तर आकडी आली. पुण्याच्या दवाखान्यात ठेवली की सुधारायची आणि पौडला आणली की पुन्हा पिवळी पडायची. म्हणजे दोष घरातच. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, पोरीच्या अंगात शिसं गेलंय, जुन्या रंगातून जातं ते. आता पुन्हा आकडी आली तर पोर हाती लागणार नाही. तेव्हापासून शकूला मामाकडे ठेवली होती आणि रत्नाबाईला घर खायला उठलं होतं. तिचंही पोट पिळवटून यायचं, मनगटं लुळी पडायची. वय झालं, म्हणायची आणि कामाला लागायची.

दुपारच्या एस्टीनं तपासनीस आला. चष्मेवाला, किरकोळ अंगाचा, हातात पेटी. उघडं लाकूड पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"रंग कुठं गेला, बाई?"

रत्नाबाईनं मान खाली घातली. मग आत जाऊन पापुद्र्यांनी भरलेला डबा आणून त्याच्यापुढं ठेवला.

"टाकला न्हाई. तपासा. असलं तर असलं म्हणून सांगा. हे दार चुलीत घालीन मी, पण पोर हितं परत आली पायजे."

"असं खरवडू नये हो. धूळ नाकातोंडात जाते." त्याचा आवाज मऊ झाला. त्यानं पापुद्रे घेतले, भिंतीचा चुना घेतला, आडाचं पाणी बाटलीत भरलं.

"ते शिसं दिसतं तरी कसं, सायब?"

"रंगात मिसळलं की दिसत नाही. नुसतं असलं तर काळपट, जड. इतकं मऊ की नखानं ओरखडा उठतो."

"असलं काय न्हाई बा माझ्या घरात."

"मुलगी खाते काय?"

"घरचंच. माझ्या हातचं. भाईरचं काय बी देत न्हाई." तिनं चुलीपाशी बोट दाखवलं. तिथं पितळी पातेलं पालथं घातलेलं होतं, वर्षापूर्वीच कल्हई केलेलं.

तपासनिसानं मान डोलावली. "सगळीकडे अशी स्वच्छता असती तर काय हवं होतं."

निकाल येईपर्यंतचे दिवस रत्नाबाईनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. वाल्मीकनं बावधनला दुसरी खोली बघून ठेवली होती. ती गोष्ट त्यानं तिला सांगितली नव्हती, पण तिला कळली होती.

आणि एके दिवशी वाल्मीक कचेरीतून सायकल दामटत आला.

"आक्का, घर चोख हाय! रंगात न्हाई, पाण्यात न्हाई, भिंतीत बी न्हाई!"

रत्नाबाई मोठ्यानं रडली.

"मंग पोरीच्या अंगात आलं कुठनं?" चंद्रकलेनं विचारलं.

"आलं आसंल जत्रंतल्या खेळण्यातनं. घरात न्हाई ना? मंग उद्याच आणतो तिला."

त्याच सांजेला रत्नाबाईनं चिंचेचं सार केलं आणि पातेल्यात तसंच झाकून ठेवलं. रात्रभर मुरलेलं सार म्हणजे शकूचा जीव की प्राण. आजारी पडायच्या आधीपासून रोज तेच मागायची.

शकू आली तेव्हा तिचे गाल वर आले होते. "आज्जी!" म्हणून ती गळ्यात पडली. रत्नाबाईनं तिला पाटावर बसवलं, पातेलं आणि वाटी पुढं ठेवली. "पी हवं तेवढं," म्हणाली आणि स्वतः शिडी लावून माळ्यावर चढली. नथूच्या जाळ्याचा पोरीला झोका बांधायचा होता.

जाळं हलकं लागलं. मग तिला आठवलं. जाळं पाण्यात बुडावं म्हणून कडेला ओवलेल्या गोळ्या तिनंच सोडवून दिल्या होत्या. कल्हईवाला भिकू म्हणाला होता, "कथील लई महाग झालंय, आक्का. जाळ्याच्या गोळ्या दे, वितळून त्यात घालतो. कल्हई दाट बसंल." नथूची वस्तू पोरीच्या पातेल्याला लागली, म्हणून तिला तेव्हा बरंच वाटलं होतं.

एक गोळी कोपऱ्यात अडकून राहिली होती. रत्नाबाईनं ती सोडवली. काळपट होती आणि आकाराच्या मानानं जड. सहज तिचं नख लागलं आणि गोळीवर पांढरा ओरखडा उठला.

"आज्जी," खालून शकूनं हाक मारली, "पातेलं संपलं बघ. उद्या आणिक करशील?"