कोरी हिमरू

"आज्जी, कात्री आण गं," ओवी म्हणाली आणि यमुनाबाईंच्या हातातला डाव बासुंदीच्या पातेल्यात बुडाला.

जेवणाच्या टेबलावर ते खोकं होतं. पिवळं पडलेलं, कोपरे चेपलेलं, वर नवाबपुऱ्यातल्या कधीच बंद पडलेल्या दुकानाचं नाव. आत रेशमी नक्षीची हिमरू शाल. यमुनाबाईंच्या सासऱ्यांनी कुणाच्या तरी मुंजीसाठी आणलेली आणि तेव्हापासून घराण्यात आहेर म्हणून फिरत असलेली. उघडायची पद्धत नव्हती. मिळालं की "अरे वा, हिमरू!" म्हणायचं, कपाटात टाकायचं आणि पुढचं कार्य निघालं की वरची धूळ पुसून पुढं ढकलायचं. आज यमुनाबाईंच्या नवऱ्याची, श्रीनिवासरावांची पंचाहत्तरी. धाकटी जाऊ नीरजा सकाळी हेच खोकं घेऊन आली होती, तेही मोठ्या मनानं.

नात ओवीचं दुकान मोबाइलमध्ये होतं. लोकांच्या आज्यांचे ब्लाउज, आजोबांचे चष्मे, जुनी बक्कलं असलं काहीबाही धुऊनपुसून ती 'विंटेज' म्हणून विकायची. यमुनाबाईंच्या मते हा बोहारणीचाच धंदा होता, फक्त भांडी न देता. पण आज पोरीच्या हाती घबाड लागलं होतं. इतकी जुनी हिमरू, तीही घडी न मोडलेली! पुण्याच्या एक शौकीन बाई व्हिडिओ कॉलवर टपून बसल्या होत्या. त्यांची अट एकच, खोकं आपल्या डोळ्यांदेखत उघडायचं. ही शाल विकली गेली की ओवी निराला बाजारात गाळा घेणार होती. नाही तर बापानं बजावलंच होतं, बँकेच्या परीक्षेला बस.

त्या खोक्यात हिमरू नव्हती. हे एकट्या यमुनाबाईंना ठाऊक होतं.

ओवीचा बाप श्रीरंग तिसरीत असताना शाळेच्या नाटकात बादशहा झाला होता. बादशहाला अंगरखा लागतो. कपाटात खोकं होतं. यमुनाबाईंनी दार लावून घेतलं आणि शालीला कात्री लावली. भर स्टेजवर श्रीरंग आपलं एकुलतं एक वाक्य विसरला आणि सिंहासनावर बसून त्यानं भोकाड पसरलं. अंगरखा मात्र दृष्ट काढावी असा दिसत होता. मग त्यांचं मन खाऊ लागलं. अगदीच चोरी नको म्हणून त्यांनी शालीच्या जागी स्वतःची सोलापुरी चादर ठेवली. कोरी, लेबलसुद्धा न काढलेली. ठेवताना फार जिवावर आलं होतं.

आता ती चादर पुण्याच्या बाईंसमोर निघणार होती. जावेसमोर, नणंदेसमोर, सुनेसमोर. या वयात घराण्यात चोर ठरायचं!

"आज शनिवार आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी आहेर उघडत नसतात."

असा काही नियम नव्हता. पण नीरजानं लगेच मान डोलावली. "वहिनी म्हणतात ते बरोबर आहे गं. शिवाय एकदम हवा लागली की रेशमाचा भुगा होतो."

देवगाव रंगारीहून आलेल्या नणंदबाई, भामावन्सं, तर उठून उभ्याच राहिल्या. "लई जुनं हाय ते, पोरी. इंचूकाटा असंल आत. नाय उघडायचं!"

या तिघींचं आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. पुरणात गूळ घालावा की साखर, यावरूनसुद्धा दोन वर्षं अबोला चालला होता. आणि आज सासऱ्यांच्या आठवणीसाठी दोघी कशा धावून आल्या! यमुनाबाईंना अगदी भरून आलं.

"उघडू दे की, आई," बासुंदीची वाटी चाटत श्रीरंग म्हणाला. "आपल्या घरातली हिमरू अजून कुणी बघितलीच नाही." असं खुद्द बादशहा म्हणाला.

कात्री कुणी आणेना, तेव्हा ओवीनं सुरी घेतली. खोक्याला परकराची हिरवी नाडी बांधलेली होती. आपण तर सुतळी बांधली होती, असं यमुनाबाईंना पुसटसं वाटलं. पण इतक्या वर्षांनी कुणाला काय आठवतंय? त्यांनी डोळे मिटून घेतले. नाडी तुटली. झाकण निघालं.

फोनमधून पुण्याचा आवाज आला. "हे काय आहे?"

यमुनाबाईंनी डोळे उघडले. खोक्यात एक विटका पंचा होता, मधोमध भोक पडलेला. आणि खोकं भरल्यासारखं वाटावं म्हणून आत गुंडाळलेली बाजरीच्या बियाण्याची रिकामी पिशवी.

फोन बंद झाला. ओवीचे डोळे भरून आले. गाळा गेला होता, बँकेची परीक्षा आली होती. "कुणी केलं हे?" तिनं सगळ्यांकडं पाहत विचारलं.

नीरजा घाईघाईनं पाणी प्यायला लागली. पेला रिकामा होता. भामावन्सं पंख्याकडं बघत बसल्या. यमुनाबाईंकडं कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं. पंचा त्यांचा नव्हता. पिशवी त्यांची नव्हती. देवच पावला होता. आता फक्त गप्प बसायचं होतं.

क्षणभर त्यांनी ते केलंही. मग त्या पुढं झाल्या. त्यांनी पंचा झटकला, पिशवी उलटी केली, खोक्याच्या तळापर्यंत हात घालून चाचपून पाहिलं. आणि संतापून त्या म्हणाल्या,

"मग माझी कोरी सोलापुरी चादर कुणी ढापली?"