भेगेवरची काच

“बालवाडीचं दार खाली घासायला लागलंय. पोराला त्या खोलीत बसवू नकोस,” सासूबाई म्हणाल्या, तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

खरं तर हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं. मुलाला द्राक्ष द्यायचं तर ती त्याचे चार तुकडे करायची. तो दोनदा खोकला की तिसऱ्या खोकल्याची वाट न बघता दवाखाना गाठायची. गावातल्या बायका तिला तोंडावर ‘धास्तीबाई’ म्हणायच्या. पण त्या दाराला ती घाबरली नाही. तिच्याकडे काच होती.

गावाचं जुनं सभागृह ठेवायचं की पाडायचं, यावरून गावसमितीत बरेच दिवस हमरीतुमरी चालली होती. जाड दगडी भिंती, वर मान दुखेपर्यंत बघत राहावं असं लाकडी छत, आणि मागच्या खोलीत बालवाडी. त्या खोलीच्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत भेग गेलेली. शेवटी जुन्या इमारती तपासणारा इंजिनिअर आला. त्याने भेगेवर काचेची बोटभर रुंद पट्टी आडवी धरली आणि तिची दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीला पक्की केली. भिंत केसभर हलली तरी ही तडकेल, तो म्हणाला. शाबूत आहे तोवर इमारत खुशाल वापरा. तडकली की त्याच दिवशी मुलांना बाहेर काढा आणि इमारत उतरवायला घ्या.

रोज बघणार कोण, असा प्रश्न निघाला.

“धास्तीबाईंना सांगा,” अध्यक्ष म्हणाले. “नाहीतरी त्या बघितल्याशिवाय राहणार आहेत का?”

सगळे हसले. तीही हसली, पण काम तिने मनापासून अंगावर घेतलं. मुलाला सोडायला गेली की आधी स्टुलावर चढायची आणि पट्टीवरून बोट फिरवायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत. भिंतीला ओल असावी, टोकांचं प्लास्टर कधीकधी बोटाला लागायचं. काच मात्र लखलखीत, धुळीचा कण नाही. बालवाडीच्या बाई पुसत असतील, असं तिला वाटायचं. समितीच्या प्रत्येक बैठकीत ती उभी राहून सांगायची की काच शाबूत आहे, आणि पाडा म्हणणाऱ्यांची तोंडं बंद व्हायची.

याचा सगळ्यात जास्त आनंद तिच्या नवऱ्याला. तो सुतार, कानाला कायम पेन्सिल. सभागृहाच्या छताच्या तुळया त्याच्या पणजोबांच्या हातच्या. पाडापाडीची भाषा निघाली की त्याचं ताटावरचं लक्ष उडायचं. सभागृहाची किल्ली त्याच्याकडेच असायची. मुलं घरी गेली की तो छताच्या डागडुजीला लागायचा.

सासूबाईंचं बोलणं तिने त्याच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी तो रंधा घेऊन गेला आणि दाराची खालची कड तासून आला. लाकूड फुगतं, त्यात एवढं काय, म्हणाला. पुढे खिडकी लागेना, तर तीही तासली.

“अख्खी इमारत तासून काढणार आहेस का रे?” सासूबाईंनी टोमणा मारला.

तो हसला नाही. तिला वाटलं, आईचं बोलणं झोंबलं असेल.

मूल झाल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. उठून उठून त्याच्या नाकाशी बोट धरायची, श्वास चाललाय ना म्हणून. आता ती उठली की नवरा अंधारातच विचारायचा, आज काच बघितलीस ना? मग झोप. आणि ती खरंच झोपायची. अशी झोप तिला कित्येक दिवसांत लागली नव्हती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, असं सासूबाईही म्हणाल्या.

मध्यंतरी बालवाडीच्या बाई जरा कुरकुरल्या. मुलांच्या पेल्यांत वरून माती पडते, त्यांना बाहेर ओसरीवर बसवते म्हणाल्या. तिने बाईंना हाताला धरून भिंतीपाशी नेलं आणि काच दाखवली. “माझा स्वतःचा मुलगा इथे बसतो,” ती म्हणाली. “मला काळजी नसेल का?” बाई वरमल्या. मुलं खोलीतच राहिली.

मग सभागृह जतन करायला मंजुरी मिळाली. समितीने छोटा समारंभ ठरवला आणि सभागृहाचा जुना फोटो फ्रेम करून आणायचं काम तिला दिलं. त्यासाठी तालुक्याला जायचं, म्हणजे मुलाला पहिल्यांदाच दुपारच्या झोपेलाही बालवाडीत ठेवायचं. सकाळी तिने पट्टीवरून दोनदा बोट फिरवलं आणि मगच बस पकडली.

फ्रेमवाल्याच्या दुकानात बसल्याबसल्या तिने घड्याळाकडे पाहिलं. एव्हाना सतरंज्या घातल्या असतील. तिचा मुलगा हट्टाने भिंतीकडेला झोपायचा. तिथून त्याला चमकती काच दिसायची. आज तिला चक्क धास्ती वाटत नव्हती. बसमध्ये तर ती गुणगुणलीसुद्धा होती.

“ही तुमच्या गावची इमारत होय?” फ्रेमवाल्याने फोटो उजेडात धरून खालचं गावाचं नाव वाचलं. “म्हणजे ते सुतारही तुमच्याच गावचे.”

“कुठले सुतार?”

“कानाला पेन्सिल लावतात ते. माझं ठरलेलं गिऱ्हाईक.” त्याने फोटोला मोजपट्टी लावून माप घेतलं. “बोटभर रुंदीच्या काचा कापून नेतात. आधी महिन्याकाठी एखादी न्यायचे, हल्ली दर बाजाराला येतात. काल तर गठ्ठाच बांधून दिला. शेवटी मी विचारलंच, एवढ्या काचा लागतात तरी कशाला? तर म्हणाले, घरी बायकोला झोप लागत नाही, तिच्यासाठी.”