टाके

टेम्पो मागे घेताना चालकाला दिसले नाही आणि पावणे गावच्या नामाशेठचा बोकड भिंतीशी दाबला गेला. अंगावर ओरखडा नव्हता, पण पोट फुगत चालले होते. शेठनी त्याला एसी गाडीत बायकोच्या, गोजराबाईंच्या मांडीवर निजवले आणि थेट वाशीच्या दवाखान्यात आणले.

"मूत्राशय फुटलंय," डॉक्टर संध्या म्हणाल्या. "पोट उघडून शिवावं लागेल."

नामाशेठच्या डोळ्यांत पाणी आले. "काय पन करा मॅडम, पन वाचवा त्याला. पोराच्या जागी हाय तो!"

"जनावरावर इतकी माया हल्ली दिसत नाही."

"मग! नवसाचा हाय. चैत्राच्या जत्रेला देवीसमोर कापायचाय, सगल्या गावाला आवतन दिलंय. तोवर ठनठनीत होईल ना?"

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. "होईल."

"आनि टाक्यांचा डाग? डाग असलेला बोकड देवीला चालत नाय."

"केस येतील त्यावर. झाकून जाईल."

"देवीची कृपा!" म्हणत शेठ पाहुण्यांना फोन करायला बाहेर गेले.

त्या बोकडाला बाटलीने दूध पाजून वाढवले होते गोजराबाईंनी. इतका वेळ त्या त्याच्या कपाळावर हात ठेवून बसल्या होत्या. दार लागल्याची खात्री करून त्या डॉक्टरांकडे सरकल्या.

"मॅडम, टाकं जरा मोटं घाला. आनि तितं परत केस येनारच नाय, असं काय औषद हाय का तुमच्याकडं?"