पिवळीच्या पोटातलं पाणी

“समदा गाव हिला नावं ठिवायलाय, आन ही आपली खांबावानी हुभी! अगं, व्हय तर व्हय म्हण, न्हाई तर न्हाई म्हण. देवानं जीभ काय निस्ता घास फिरवायला दिलीय का तुला?”

राणीसावरगावच्या थांब्यावर बानूबाई सुनेला चारचौघांत फैलावर घेत होती. सुनेनं, भागूबाईनं, पदर आणखी पुढं ओढला आणि काखेतली टोपली सावरली. टोपलीत घरची पिवळी मांजर धापा टाकत पडली होती. अंगावर मांस म्हणून नाही, पण पोट नगाऱ्यासारखं तटतटलेलं.

झालं होतं ते असं. परवा सांजेला भागूबाईनं नवऱ्यासाठी दूध तापवून पातेल्यात झाकून ठेवलं. पिवळीनं झाकण पाडून निम्मं चाटलं आणि घटकाभरात ती अंगणात लटपटून पडली. नवऱ्यानं, बिरूनं, लगेच बोंब ठोकली.

“माझ्या दुधात इख घातलं हिनं! मांजरीनं पेलं म्हणून वाचलो!”

आळी गोळा झाली. बानूबाई पदरानं तोंड पुसत आतून आली. उरलेलं दूध लोकांना दाखवावं म्हणून बिरू आत गेला, तर पातेलं रिकामं.

“सांडलं! पुरावा सांडून टाकला हिनं!”

भागूबाईनं सांडलं नव्हतं. बिरूनंच ओतलं असणार, असं तिला वाटलं. पण नवऱ्यावर आळ घ्यायचा कसा? ती गप्प बसली, आणि गावानं त्या गप्प बसण्याचाच पुरावा केला.

बिरूचा चुलता धोंडीबा पंच होता. त्यानं निवाडा सांगितला. विष निघालं तर काडीमोड. भागूबाईनं सोनपेठला माहेरी जायचं, तिची तान्ही पोर इथंच राहणार. बिरू पालमकडं दुसरी सोयरीक बघून आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बोलली ती बानूबाई. “मांजर जित्ती हाय तवर परभणीच्या जनावरांच्या डागदराला दावू. धोंडीबा, तुमी संगं चला. तुमच्या डोळ्यानं बघा, मागून मला बोल नगं.”

भागूबाईनं पिवळीला टोपलीत घातलं. सासू आपल्या हातानं सुनेचा निकाल लावायला निघाली होती.

गंगाखेडात नामांतराचा मोर्चा होता, बस खोळंबली. बानूबाईचं तोंड काही खोळंबलं नाही. सुनेची भाकरी जाड, चाल मंद, माहेर चिकट; अख्ख्या बसला सगळं कळलं. एका बाईला राहवलं नाही.

“मावशी, जरा दम घेऊ द्या की तिला.”

“तुला एवढी कीव यायलीय तर ने तुझ्या घरी!”

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पिवळीला टेबलावर घेतलं, पोट दाबून पाहिलं.

“किती दिवस झाले पोट वाढायला?”

“लय दिस झाले. पोटुशी हाय म्हणून ही तिला साय चारायली,” बानूबाईनं सुनेकडं बोट केलं. “शहाणी!”

“पिल्लं नाहीत. पाणी आहे.”

त्यांनी सुई टोचली. हळदीसारखं पिवळं, चिकट पाणी आलं. बोटाला लावलं तर तार धरणारं. मग ग्लासभर पाण्यात थोडा सिरका टाकून त्यांनी वरून त्या पिवळ्या पाण्याचा एक थेंब सोडला. धोंडीबा वाकून बघू लागला. थेंब विरघळला नाही. पांढुरका गोळा होऊन तसाच लोंबत लोंबत खाली उतरला.

“कोरोना नावाच्या विषाणूंचं एक घराणं आहे. त्यातला मांजरांचा विषाणू बिघडला की पोटात असं पाणी धरतं,” डॉक्टर म्हणाले. “ताप, खंगलेलं अंग, हे पाणी, हा थेंब, सगळं तेच सांगतंय. परवाच्या दुधानं हे होत नाही. याला आठवडे लागतात.”

“म्हंजी इख न्हाई?” धोंडीबानं विचारलं.

“नाही. पण मांजर वाचायची नाही, बाबा.”

बानूबाई पुढं झाली. “आन डागदर, हिचं उष्टं माणसाच्या पोटात गेलं तर?”

“माणसाला हा आजार होत नाही.”

बानूबाईनं मोठा श्वास सोडला. लेकाचा केवढा घोर, भागूबाईच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं गाव जमला. धोंडीबानं थेंबाची हकिकत हातवारे करून सांगितली. “म्या माझ्या डोळ्यानं बघितलं. इख न्हाई, आजार हाय. काडीमोड न्हाई!” बायका भागूबाईच्या भोवती सरकल्या. कुणी तिच्या पाठीवर हात ठेवला.

बिरू तावातावानं उठला. “मांजरीला आसंल आजार! पर डागदरानं दूध कुठं तपासलं? दुधात काई नव्हतं, तर हिनं पातेलं रिकामं कशापायी केलं?”

पाठीवरचे हात निघाले. धोंडीबानं मान खाली घातली.

बानूबाई उभी राहिली. लेकाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ सुनेपुढं येऊन थांबली. भागूबाईनं डोळे मिटून घेतले.

“वर बघ गं, मुके! काडीमोड करायचा का न्हाई, ते आता तू ठरीव, ह्यो न्हाई. आन पातेलं म्या रिकामं केलं. ह्यो अंगणात इख इख वरडायलता, तवा चुलीम्होरं बसून तुझ्या हातचं दूध म्या पेलं, पार तळापातुर!”