खड्ड्यातले दोन ठोके

ट्रकच्या शाफ्टला ग्रीस भरणं हे एकट्याचं काम नाही. ग्रीस भरायचं निप्पल हमखास वर तोंड करून बसतं. ते खाली यावं म्हणून एकाने गाडी वीतभर पुढे घ्यायची आणि दुसऱ्याने गाडीखालच्या खड्ड्यातून बघायचं.

खड्ड्यात आमचे हे, गॅरेजचे मिस्त्री; केबिनमध्ये मी. पान्याचा एक ठोका म्हणजे पुढे, दोन म्हणजे बास. अख्खा संसार त्या ठोक्यांवर झाला. तोंडाने बोलायची वेळ फक्त भांडताना यायची.

हे गेल्यावर मी एकटीच चढउतार करू लागले. गुडघे पार कामातून गेले. एका दुपारी वैतागून मी केबिनमधूनच ओरडले, "बास का?"

खालून दोन ठोके आले.

धावत उतरले. खड्डा रिकामा होता. निप्पल मात्र खाली आलेलं, आणि फडक्याने स्वच्छ पुसलेलं.

तेव्हापासून ठोके पडताना मी खाली बघत नाही. बघितलं आणि ठोकेच थांबले तर? उलट मुद्दाम गाडी जास्त पुढे घेते, म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून ठोके ऐकायला मिळतात.

आज एक नवा ड्रायव्हर आला. मी गाडी हलवत असताना तो वाकून खड्ड्यात बघत होता. दोन ठोके पडले, तसा तो माझ्या खिडकीपाशी आला.

"वहिनी, मिस्त्री म्हणतायत, झालं सगळं. आता तुम्हीच या खाली."

मी इंजिन बंद केलं आणि आरशात बघून केस सारखे केले.