भर घाटात

मृणाल जुन्या व्हॅनचं फिरतं घर करत होती आणि अंगणातच तिला रोलरने रंग देत होती. एक बाजू निळी झाली. दुसरी घासताना जुन्या रंगाखालून अक्षरं दिसू लागली : ‘आंबेखोल आरोग्य केंद्र’.

“अगं बाई, ही तर आमच्या गावची अँब्युलन्स!” शेजारच्या परुळेकरकाकू कुंपणाशी थबकल्या. “आमची वैजू हिच्यातच जन्मली, भर घाटात.”

मृणालने चटकन मागचं दार उघडलं. काकूंनी लेकीला फोन लावला.

तासाभरात वैजू आली. चपला काढून आत चढली, पत्र्यावरून हात फिरवला आणि सरळ खाली आडवी झाली. तिथूनच तिने विचारलं, “आई, खूप घाबरली होतीस?”

“मी कुठली? ड्रायव्हरच रडत होता,” काकू म्हणाल्या. “त्याला धीर देता देता तू झालीस.”