आडोशामागचा फासा

"मग? पुढे काय झालं?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची टेबलाला भिडवली, आणि दादाच्या पोटात दुखायला लागलं.

गेल्या शनिवारी त्याची स्वतःची गोष्ट खेळताना ह्याच बाई दोनदा घड्याळ बघत होत्या. पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने तर जांभई दिली होती, तीही तोंडावर हात न ठेवता.

आता दादाचं चुकलं काय होतं, सांगा. मध्ययुगातल्या शिलेदारांच्या दंतकथा घ्यायच्या आणि जग बुडाल्यानंतरच्या उजाड मुलखात नेऊन बसवायच्या, आणि फासा टाकत ती गोष्ट खेळायची, असा एक खेळ दोघं बहीणभाऊ रचत होते. कल्पना दादाची, खेळांचं हे दुकान दादाचं. धाकटीला फासा हातात धरायला शिकवलं तेही दादानेच. त्याने आपल्या शिलेदाराला घोड्याच्या जागी गंजकी मोटारसायकल दिली, ढालीच्या जागी 'पुढे वळण आहे'ची पाटी, किल्ल्याच्या जागी पाण्याची उंच टाकी. सगळं कसं चोख! आणि धाकटीने काय केलं? घोडाच काढून टाकला. तिचा शिलेदार पायी चालतो. त्याने मौनाची शपथ घेतली आहे. ज्यांच्यासमोर घेतली ती सगळी माणसं मेली, तरी हा बाबा ती पाळतोच आहे. बस्, एवढंच. आणि एवढ्यावर तो बाइंडर जांभई विसरला होता! कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

ह्या टेबलाचे नियम जुने होते. ज्याची गोष्ट, त्याने खेळ संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. दुसऱ्याने सूत्रधार व्हायचं, पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकायचा आणि काय पडलं ते सांगायचं. आडोशामागे कुणी डोकावायचं नाही. चाचणीत जी गोष्ट शेवटापर्यंत पोचली नाही, ती खेळाच्या छापायच्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातून बाद. दादाची गोष्ट रखडत का होईना, पोचली होती. आज धाकटीचीही पोचली, तर पहिला मान कोणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सुरुवातीलाच धाकटीने डबीतून एक जुना, पिवळट फासा काढून पुढे केला होता. "आज ह्यानेच टाक ना, दादा." दादाने धड बघितलंही नाही. फाशाचे कसले लाड!

पहिल्या वेळी कुत्र्यांची टोळी आडवी आली. फाशावर पाच पडले, शिलेदार सुटला. मग विहिरीवरच्या लोकांनी त्याला पाणीचोर ठरवलं. खरं काय ते सांगायला तोंड उघडावं, तर शपथ मोडते. सहा पडले, लोकांनी त्याला जाऊ दिलं. दादाच्या बायकोने हळूच डोळे पुसले. बायकोने! लग्नाला अकरा वर्षं झाली, दादाच्या एकाही गोष्टीला तिने साधं नाक ओढलं नव्हतं. जळफळाट जळफळाट म्हणतात तो हाच. दादाचे कान गरम झाले.

आता उरला होता मोडका पूल. पलीकडे गोष्टीचा शेवट. चार किंवा जास्त पडले तर पार, दोन-तीन पडले तर जखम. एक पडला, तर पूल खाली, शिलेदार खाली, खेळ खलास.

बाइंडरने श्वास रोखला. दादाने फासा टाकला.

सहा. पुन्हा सहा! मेला फासाही तिलाच सामील झाला होता.

"एक," दादा म्हणाला.

"अरे देवा!" डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल टाकून दिली. बाइंडर नुसताच चुकचुकला.

धाकटीने झटकन मान वर केली. तिने दादाकडे बघितलं. तोंड उघडलं, आणि मिटलं. आता ही रडणार, दादाला वाटलं. लहानपणी एक पडला की भोकाडच पसरायची. पण ती रडली नाही. एकेक करून कागद गोळा करत बसली.

"वाईट वाटतं हो," डॉक्टरीणबाई उठता उठता म्हणाल्या, "पण नियम म्हणजे नियम. पहिलं प्रकरण तुमचं." तिघं चहा करायला आत गेली. आतून बायकोचा आवाज आला, "बिचारी! किती जीव ओतला होता."

जीव गार होईल, असं दादाला वाटलं होतं. झाला नाही. त्याने आडोसा मिटला, घसा खाकरला. "मनाला लावून घेऊ नकोस गं. शेवटी नशिबाचा खेळ."

"खेळ संपला ना?" धाकटीने विचारलं. "मग आता बोलू?"

"बोल की."

तिने तो पिवळट फासा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. वर सहा होते. "उलटा कर," ती म्हणाली. त्याने उलटा केला. खालीही सहाच होते. ठिपके जरा वाकडेतिकडे, तापलेल्या सुईने टोचलेले.

"ह्याच्यावर एक नाहीच आहे, दादा. मी सात वर्षांची होते. एक पडला की मी रडते, म्हणून तूच तो कानशीने घासून काढला होतास."